भीमबेटका : विंध्यातील एक हिवाळी गुहायात्रा

गुहा हा शब्द कानी पडला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे बहुधा लेणे उभे राहते. अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे, घारापुरी ही नावे आपल्या इतकी अंगवळणी पडली आहेत की, डोंगराच्या पोटातील पोकळी म्हणजे कोणी तरी छिन्नी-हातोड्याने कोरलेली खोली, असे आपण गृहीतच धरून चालतो. परंतु माणसाचा हात लागण्यापूर्वी लक्षावधी वर्षे निसर्गाने स्वतः खोदलेल्या गुहा हे एक वेगळेच विश्व आहे. तेथे कारागीर म्हणजे पाणी, वारा, ऊन आणि काळ. मजुरी कोणालाच द्यावी लागलेली नाही आणि घाईही कोणाला नव्हती.

थंड देशांतील लोक हिवाळ्यात अशा गुहा पाहण्यास पायी जातात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर टोकास सुपीरिअर नावाचे अफाट सरोवर आहे. त्याच्या काठचे वालुकाश्माचे कडे लाटांनी कोरून काढले आहेत आणि त्यांत ओळीने गुहा झाल्या आहेत. उन्हाळ्यात तेथे होडीने जावे लागते. कडक थंडीत मात्र सरोवराचा पृष्ठभाग गोठतो, कड्यांवरून झिरपणारे पाणी गोठून गुहांच्या तोंडाशी बर्फाचे पडदे लोंबू लागतात, आणि माणसे चक्क सरोवरावरून चालत त्या पडद्यांआड शिरतात. २०१४ सालच्या हिवाळ्यात लाखाहून अधिक माणसे अशी चालत गेली. पण कित्येक हिवाळे असे जातात की सरोवर माणसाचा भार पेलण्याइतके गोठतच नाही आणि ती वाट उघडतच नाही.

ऑस्ट्रियात वेर्फेन गावाजवळच्या डोंगरात याहून मोठी बर्फाची गुहा आहे. अंतोन पोसेल्ट नावाच्या साल्झबुर्गच्या निसर्गाभ्यासकाने १८७९ साली तिच्यात प्रवेश केला. तिची लांबी बेचाळीस किलोमीटरांहून अधिक भरते; पण बर्फ असतो तो तोंडाकडच्या सुमारे एका किलोमीटरातच. असे का व्हावे? गुहेला खाली एक तोंड आहे आणि वर डोंगरात इतरत्र भेगा आहेत. हिवाळ्यात आतील हवा बाहेरच्या हवेहून उबदार असते. ती हलकी होऊन वरच्या भेगांतून निसटते आणि तिच्या जागी खालच्या तोंडातून गोठवणारी हवा आत ओढली जाते. चुलीच्या धुराड्यासारखाच हा प्रकार. त्यामुळे तोंडाकडचे खडक शून्याखाली जातात, आणि वसंतात वरचे बर्फ वितळून पाणी आत झिरपू लागले की ते त्या थंडगार खडकांवर पुन्हा गोठते. आपल्याकडे अमरनाथच्या गुहेत छतातून ठिबकणारे पाणी गोठून जे हिमलिंग तयार होते, त्यामागेही ठिबक आणि थंडी ह्यांचीच जोडी आहे.

हे सारे सांगण्याचे प्रयोजन असे की, भोपाळच्या माणसाला हिवाळ्यात गुहायात्रा करावयाची झाल्यास त्याला बर्फ मिळणार नाही. भोपाळचा जानेवारी महिना सुखद असतो. पहाटेचा पारा साधारणपणे दहा अंशांच्या आसपास घुटमळतो, मोठ्या तलावावर धुके उतरते, आणि दहा वाजेपर्यंत ऊन अंगाला हवेहवेसे वाटू लागते. पण बर्फ नसले तरी ह्या शहरापासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरांवर, विंध्याच्या दक्षिण कडेला अशा गुहा आहेत की ज्यांच्या पुढे वेर्फेनचा एवढा मोठा हिमवाडाही थोडा मुका वाटावा. त्या गुहांचे नाव भीमबेटका. भीमाची बैठक ती भीमबैठका, आणि लोकांच्या जिभेवर घासून गुळगुळीत झालेली ती भीमबेटका. आपल्या देशात एखादा दगड माणसाच्या मानाने फारच मोठा असला की तो भीमाच्या नावावर जमा होतो. कृष्णाच्या वाट्याला कुंजवने येतात, रामाच्या वाट्याला कुंडे येतात आणि भीमाच्या वाट्याला शिळा!

भोपाळहून होशंगाबादकडे (आताचे नर्मदापुरम) जाणाऱ्या रस्त्याने निघाले की दुतर्फा गव्हाची आणि हरभऱ्याची शेते लागतात. ओबेदुल्लागंज हे मोठे गाव मागे टाकल्यावर थोड्या वेळाने उजवीकडे एक वाट फुटते, रेल्वेचे फाटक ओलांडते आणि डोंगर चढू लागते. बहुतेक मंडळी मोटारीने थेट माथ्यापर्यंत जातात. ज्याच्या पायांत जोर आहे त्याने मात्र फाटकापाशीच उतरावे आणि उरलेले तीनेक किलोमीटर चालून जावे. डिसेंबरातील सकाळी ह्या चढावर घाम येत नाही. सागाची पाने करडी होऊन रस्त्यावर पडलेली असतात व पायाखाली पापडासारखी मोडतात. तेंदू, मोह, पळस ही झाडे मधून मधून भेटतात. वळणावर एकाएकी झाडी विरळ होते आणि माथ्यावरचे खडक दिसू लागतात. लांबून पाहणाऱ्यास तो पडका किल्ला वाटतो : बुरूज आहेत, तट आहे, दिंडी दरवाजा आहे, फक्त बांधणारा राजा तेवढा नाही.

हे खडक विंध्याचे वालुकाश्म होत. मूळची ही वाळू. तळाशी थरावर थर बसून, दाबाने घट्ट होऊन तिचा असा कठीण दगड झाला की त्यावर हातोडा मारला तर धातूसारखा नाद यावा. तरीही सगळे थर सारखे चिवट नाहीत. मऊ थर पाण्याने व वाऱ्याने आधी झिजले, कठीण थर छपरासारखे पुढे राहिले, आणि त्या छपरांखाली माणसे, माकडे, अस्वले ह्यांना निवारा झाला. म्हणून जाणकार ह्यांना गुहा न म्हणता शैलाश्रय म्हणतात, आणि तो शब्द अधिक नेमका आहे. येथे काळोखात मशाल घेऊन सरपटत जावे लागत नाही. उजेड आत येतो, वारा आत येतो, पाऊस तेवढा बाहेर राहतो. अशा सातशेहून अधिक आश्रयांची नोंद ह्या परिसरातील टेकड्यांवर झाली आहे. विनायका, भोंरावली, भीमबेटका, लाखा जुआर पूर्व व पश्चिम, झोंद्रा आणि मुनी बाबा की पहाडी अशी त्या टेकड्यांची नावे. त्यांपैकी चारशेहून अधिक आश्रयांत चित्रे आहेत. सामान्य प्रवाशाला फरसबंद पायवाटेने पाहता येतात ते मात्र पंधरा-एकच.

वाटेवरचा सर्वांत मोठा आश्रय सभागृहासारखा आहे व त्याला तशाच अर्थाच्या इंग्रजी नावाने ओळखले जाते. उंच छताचा, दोन्हीकडे उघडा असा तो एक बोगदाच होय. बाहेर ऊन तापू लागले तरी आत शिरताच गारवा अंगावर येतो; रात्री दगडाने पिऊन ठेवलेली थंडी तो दिवसभर हळूहळू सोडत असतो. वेर्फेनच्या खडकांचा हा दूरचा, गरिबाघरचा नातेवाईक म्हणावयाचा. आतील एका मोठ्या शिळेवर वाटीसारखे गोल खळगे कोणी तरी ठोकून ठोकून केले आहेत. ते फारच प्राचीन असावेत असे काही संशोधक म्हणतात. काळाविषयी एकमत नाही.

ह्याच आश्रयाच्या छतावरून अलीकडे एक गमतीदार प्रकरण घडले आणि ते शाळेतील प्रत्येक मुलाला सांगण्याजोगे आहे. २०२० सालच्या मार्च महिन्यात आलेल्या काही भूशास्त्रज्ञांना तेथे पानाच्या शिरांसारखा एक ठसा दिसला. तो डिकिन्सोनिया नावाच्या, सुमारे पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा असावा असे त्यांनी मांडले. पृथ्वीवरील आद्य प्राण्यांत ह्याची गणना होते. एका शास्त्रीय नियतकालिकात लेख आला, जगभर वार्ता झाली. हा ठसा खरा असता तर विंध्याच्या ह्या खडकाचे वयही तेवढेच मानावे लागले असते. उलट दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे होते की हा खडक शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा आहे. मग २०२२ च्या अखेरीस दुसरे शास्त्रज्ञ तेथे गेले. पाहतात तो काय, ठसा खडकावरून सुटून गळू लागलेला! दगडातला अवशेष असा पापुद्रा सुटून गळत नसतो. तो होता आग्या मोहोळाचा, मधमाश्या सोडून गेल्यानंतर छताला चिकटून राहिलेला वाळका अवशेष. २०२३ साली हे प्रसिद्ध झाले, आणि ज्यांनी पहिला लेख लिहिला होता त्यांच्यापैकी प्रमुखांनी ते मोकळेपणाने मान्य केले. शास्त्राची प्रतिष्ठा ह्यामुळे कमी झाली असे कोणाला वाटत असेल तर त्याने पुन्हा विचार करावा. ती मोहोळे आजही तेथील कड्यांना लोंबताना दिसतात. प्रवाशाने त्यांच्याखाली आरडाओरड करू नये. आग्यामाशीला पुरातत्त्वाची चाड नसते.

ह्याच माश्यांचा मध काढणारी माणसे येथील भिंतीवर चितारलेली आहेत, हा योगायोग मनात घोळवीत पुढे गेले की प्राण्यांचा खडक येतो. एकाच भिंतीवर अडीचशेच्या घरात प्राणी, आणि ते सोळा जातींचे! हत्ती, गवे, सांबरे, चितळे, बारशिंगे, मोर. पहिल्या दृष्टिक्षेपात नुसता लाल-पांढरा गोंधळ दिसतो. दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिले की एकेक आकृती गर्दीतून पुढे येते, एखाद्या सभेत ओळखीचा चेहरा दिसावा तशी. मग ध्यानात येते की, हे एका हाताचे काम नव्हे आणि एका काळाचेही नव्हे. पांढऱ्या बैलाच्या अंगावर लाल हरीण आहे, लाल हरणाच्या पोटात तिसऱ्याच कोणी रेखलेला हत्ती आहे. शेजारी हातभर अंतरावर कोरी भिंत असताना माणसे पुन्हा पुन्हा त्याच भिंतीवर का काढीत राहिली? हा प्रश्न अभ्यासकांना पडला आहे तसाच तो येथे येणाऱ्या चुणचुणीत मुलांनाही पडतो. ती भिंतच पवित्र मानली गेली असेल काय? पूर्वजांच्या चित्रावर आपले चित्र काढणे हाच एक विधी असेल काय? उत्तर भिंतीपाशी नाही. परंतु प्रश्न मात्र तेथे उभे राहिल्यावाचून असा टोचत नाही.

रंग साधे आहेत. लाल तो गेरूचा, म्हणजे लोहयुक्त मातीचा. पांढरा तो पांढऱ्या मातीचा वा चुन्याच्या जातीचा. क्वचित हिरवा व पिवळा. गेरू घासलेले खडे उत्खननात सापडले आहेत. पावसापासून छताने रक्षण केले, दगडाच्या कणांत रंग मुरला, आणि हजारो पावसाळे गेले तरी तो टिकला. जुन्या चित्रांत शिकार आहे, नाच आहे, पोटात पिलू असलेली मादी आहे. जनावरांच्या अंगावर जाळीदार रेघांची नक्षी भरलेली आहे. गेंडा आहे, आणि ह्या जंगलात आज गेंडा कोठे? म्हणजे त्या काळी ह्या टेकड्यांच्या पायथ्याशी दलदल व उंच गवत असले पाहिजे. पुढच्या एका आश्रयात चित्र पालटते. घोडे येतात, घोड्यांवर स्वार येतात, त्यांच्या हाती भाले, ढाली आणि तलवारी येतात. हरणामागे धावणाऱ्या माणसापासून सैन्याच्या मिरवणुकीपर्यंतचा सारा प्रवास येथे पंधरा पावलांत होतो, आणि तो प्रगतीचा म्हणावा की कशाचा, हे ज्याने त्याने ठरवावे. वाटेच्या शेवटी एक प्रचंड शिंगवाले जनावर आहे. तोंड रानडुकराचे, शिंगे बैलाची, आणि त्याच्यापुढे जीव घेऊन पळणारा चिमुकला माणूस. असे जनावर कोणी पाहिले नसणार. भीती मात्र अगदी खरी पाहिलेली आहे.

आता ह्या गुहांचा शोध कसा लागला ते पाहू. शोध हा शब्दही जपूनच वापरला पाहिजे, कारण परिसरातील गोंड, कोरकू मंडळींना ही जागा कधीच हरवलेली नव्हती. १८८८ साली किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने भोजपूरच्या प्राचीन तलावाविषयी लिहिताना, स्थानिक आदिवासींकडून ऐकलेल्या माहितीवरून, भीमबेटक्याचा उल्लेख बौद्ध अवशेष म्हणून केला. झाले, ते प्रकरण तेथेच मिटले. त्यापूर्वीच, १८६७-६८ च्या सुमारास, कार्लाइल नावाच्या पुरातत्त्वज्ञाने मिर्झापूरकडील कैमूरच्या डोंगरात शैलचित्रे पाहिली होती व ती प्राचीन असल्याचे ओळखले होते. पण त्याने ते लागलीच प्रसिद्ध केले नाही. युरोपात स्पेनमधील आल्तामिरा येथील चित्रे उजेडात आली ती १८७९ साली, म्हणजे कार्लाइलनंतर दहाबारा वर्षांनी. तेथे सावतुओला नावाच्या जमीनदाराबरोबर त्याची लहान मुलगी मारिया होती, आणि छतावरचे गवे आधी दिसले ते तिला, असे सांगतात. बापाने ती चित्रे अश्मयुगीन असल्याचे सांगताच पंडितांनी त्याला खोटे पाडले. बिचारा १८८८ साली त्या कलंकासह वारला. पुढे १९०२ साली त्याच्या प्रमुख विरोधकाने जाहीर लेख लिहून आपली चूक कबूल केली. पण कबुली ऐकायला सावतुओला नव्हता.

भीमबेटक्याचे भाग्य ह्याहून बरे. १९५७ साली भोपाळकडे आगगाडीने जात असता एका प्रवाशाला खिडकीतून हे खडक दिसले. स्पेन व फ्रान्स येथील चित्रगुहांच्या खडकांशी त्यांचे साम्य त्याच्या ध्यानी आले, आणि ते मनातून जाईना म्हणून तो सवड काढून तेथे पोहोचला. त्याचे नाव विष्णु श्रीधर वाकणकर. १९१९ साली नीमच येथे जन्मलेले, माळव्यातल्या मराठी घरातले, उज्जैन हे ज्यांचे कर्मक्षेत्र झाले असे हे गृहस्थ आधी चित्रकार व मग पुरातत्त्वज्ञ होते. हा क्रम महत्त्वाचा आहे. आगगाडीच्या खिडकीतून ते खडक त्याआधी हजारो लोकांनी पाहिले असतील. त्यांत अभियंते असतील, कलेक्टर असतील, पुरातत्त्वाचे पदवीधरही असतील. दिसले ते चित्रकाराला. मित्रमंडळीत हरिभाऊ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या माणसाने आयुष्यभर रानोमाळ हिंडून शैलचित्रांच्या नकला उतरवल्या, उज्जैनीत भारती कला भवन उभारले, कायथा येथे उत्खनन केले. १९७५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९७६ साली रॉबर्ट ब्रूक्स ह्यांच्यासह लिहिलेला त्यांचा भारतीय शैलचित्रांवरील इंग्रजी ग्रंथ निघाला, आणि १९८८ साली सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले.

चित्रांखालची जमीन खणण्याचे काम १९७० नंतरच्या दशकात झाले. स्वतः वाकणकर एकीकडे होते, तर दुसरीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वि. ना. मिश्र. मिश्रांनी खणलेल्या एका आश्रयात जवळजवळ चार मीटर जाडीचे थर लागले. सर्वांत खाली हातकुऱ्हाडी वापरणाऱ्या आदिमानवाचे थर, त्यांत दगड मांडून केलेल्या जमिनी. सर्वांत वर नखाएवढ्या सूक्ष्म दगडी पात्यांचे थर. म्हणजे एकाच छपराखाली माणूस लक्षावधी वर्षांपूर्वीच्या काळापासून येत-जात, राहत आला. अशी सलग हकीकत सांगणाऱ्या जागा जगात थोड्या. येथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणीही मिळाले. महाराष्ट्रातील चाळीसगावाजवळच्या पाटणे येथेही शहामृगाच्या अंड्याची कोरीव कवचे मिळालेली आहेत. तेव्हा विंध्यापासून सातमाळ्यापर्यंत कोणे एके काळी शहामृग धावत होते, हे आपल्या मुलांना भूगोलाच्या तासाला सांगावयास हरकत नाही.

परंतु खालच्या थरांचे वय म्हणजे भिंतीवरच्या चित्रांचे वय नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. उत्साही मार्गदर्शक प्रवाशाला लाखाच्या खालचा आकडा सांगतच नाहीत! वाकणकरांचे मत असे होते की, हिरव्या रंगातील नाचणाऱ्या आकृती सर्वांत जुन्या, पुराश्मयुगाच्या अखेरच्या पर्वातील होत. कारण त्या काळच्या थरांत त्यांना हिरव्या मातीचे तुकडे मिळाले होते. डेक्कन कॉलेजमध्ये राहून ह्या चित्रांचा सखोल अभ्यास करणारे कुमाऊँचे चित्रकार-संशोधक यशोधर मठपाल ह्यांना ते पटले नाही. मठपालांनी जंगलात मुक्काम ठोकून एकेका आकृतीची जलरंगांत नक्कल केली आणि चित्रांचा आरंभ मध्याश्मयुगात, म्हणजे ढोबळ मानाने दहा हजार वर्षांच्या आसपास मानला. आज बहुतेकांचा कल दुसऱ्या मताकडे आहे. दोघेही चित्रकार, दोघेही मनापासून झटलेले. असा मतभेद ज्या विषयात आहे तो विषय जिवंत आहे असे समजावे.

२००३ साली युनेस्कोने भीमबेटक्याला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. ते देताना नुसत्या चित्रांचा विचार झाला नाही. आसपासच्या खेड्यांतील लोकजीवन, त्यांच्या घरांच्या भिंतींवरील रंगकाम, जंगलातून मध, कंद, मोह वेचण्याची रीत, ह्या सर्वांत भिंतीवरच्या चित्रांची परंपरा कोठे तरी चालू आहे, ही गोष्ट मुद्दाम नमूद झाली. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये सभोवारच्या रातापाणी अभयारण्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि त्याला वाकणकरांचे नाव देण्यात आले. वाघांच्या रानाला पुरातत्त्वज्ञाचे नाव, ही कल्पना त्या रानभटक्या माणसाला आवडली असती.

पण नाव देण्याने चित्रे वाचत नाहीत. भीमबेटक्याची मुख्य पायवाट सोडली की पहारेकरी कोठून असणार? आश्रय सातशे, आणि रायसेन व भोपाळ जिल्ह्यांच्या डोंगरांत ह्या गणतीबाहेरचे कितीतरी. त्यांतील काहींची वाट गुराख्यालाच ठाऊक असते. सहलीला येणाऱ्या मंडळींची एक जुनी सवय अशी की, चित्र पुसट दिसले की बाटलीतले पाणी भिंतीवर मारावयाचे. ओल्या दगडावर रंग क्षणभर उजळतो, छायाचित्र छान येते. पाणी वाळताना मात्र क्षार वर आणते, रंगावर पांढरट पापुद्रा धरतो, आणि पुढच्या प्रवाशाला अधिक पाणी मारावे लागते. दहा हजार वर्षे ज्या छताने पाऊस अडवला, त्या छताखाली उभे राहून माणूस स्वतःच पाऊस पाडतो! दुसरी सवय नावे कोरण्याची. ती आपल्याच लोकांची आहे असे म्हणून कोणी उसासा टाकू नये. १८१९ सालच्या एप्रिलच्या अठ्ठावीस तारखेला वाघाच्या शिकारीस निघालेला जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात शिरला, आणि युरोपीय जगाला अजिंठ्याचा पत्ता लागला. त्या सुसंस्कृत गृहस्थाने पहिले काम काय केले, तर चित्राच्या अंगावर आपले नाव व तारीख कोरली. ती अक्षरे आजही तेथे आहेत. वाकणकरांनी भीमबेटक्यात कागद लावून नक्कल उतरवली. दोघांच्या शोधांत हा फरक आहे, आणि तो लहान नाही.

आल्प्समधील गुहांचे बर्फ उन्हाळे तापू लागल्यापासून मागे हटत चालले आहे. ते थांबवणे वेर्फेनच्या गावकऱ्याच्या हातात नाही. त्यासाठी साऱ्या जगाने आपला धूर आवरला पाहिजे. विंध्यातील गेरूची गोष्ट तशी नाही. ती पाण्याच्या एका बाटलीची, एका खिळ्याची, फार तर दगडाच्या एका खाणीच्या परवान्याची गोष्ट आहे. ज्या गावांच्या पायवाटा ह्या टेकड्यांवरून जातात, त्या गावांतील गोंड, कोरकू तरुणांना राखणीचे व वाट दाखवण्याचे काम मिळावे, ही मागणी भावनेची नसून हिशेबाची आहे. सातशे ठिकाणी शिपाई नेमणे कोणत्याही सरकारला परवडणारे नाही. आणि ज्याची आजी अजून घराच्या भिंतीवर गेरूने हरीण काढते, त्याला त्या हरणाचे मोल नव्याने शिकवावे लागत नाही. व्याघ्र प्रकल्पाची कुंपणे आखताना ह्या माणसांना बाहेर आणि प्रवाशाला आत, असे होऊ नये.

भीमबेटक्यापर्यंत जाणे ज्यांना वयामुळे किंवा प्रकृतीमुळे जमत नसेल त्यांच्यासाठी भोपाळ शहरातच एक सोय आहे, आणि ती भोपाळकरांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. मोठ्या तलावाच्या काठी श्यामला टेकडीवर इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे. त्याच्या विस्तीर्ण आवारात निरनिराळ्या प्रांतांतील आदिवासींची घरे उभी केलेली आहेत. ती पाहून बहुतेक लोक परत फिरतात. त्याच आवारात, उताराच्या बाजूला झाडीत, नैसर्गिक शैलाश्रय आहेत आणि त्यांतही प्राचीन चित्रे आहेत. खाली तलावावर हिवाळ्यातले पाहुणे पक्षी उतरलेले असतात, पलीकडे शहराचे मनोरे दिसतात, आणि हाताच्या अंतरावर लाल रेषांचे एक जनावर उभे असते. दुपारी चारच्या सुमारास ऊन तिरपे झाले की ते अधिक स्पष्ट दिसते. पाण्याची गरज लागत नाही.